दावा शिरूरला, जमीन श्रीगोंद्यालाही: लिस पेंडन्सची नोटीस सरहद्दीपलीकडे कशी पोहोचते?

ताई, तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आईने तिच्या दोन भावांविरुद्ध वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा दावा शिरूरच्या दिवाणी न्यायालयात मार्चमध्ये दाखल केला. जमिनीचे गट तीन. दोन घोड नदीच्या अलीकडे, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, आणि तिसरा, सगळ्यांत मोठा, नदीपलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या श्रीगोंदा तालुक्यात. वकिलांनी लिस पेंडन्सची, म्हणजे या मिळकतीवर दावा चालू आहे हे कळवणारी, नोटीस एप्रिलमध्ये शिरूरच्या दुय्यम निबंधकांकडे नोंदवली आणि तिच्यात तिन्ही गट लिहिले. जूनमध्ये मोठ्या मामांनी श्रीगोंद्याचा गट परस्पर विकला. तुम्ही त्या गटाचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातली मिळकतवार सूची, शोधला तर तुमच्या नोटिशीचा मागमूसही नाही. खरेदीदार म्हणतो, मी सर्च घेतला होता, मला काहीच दिसलं नाही. टेक्सासमध्ये असलेला तुमचा भाऊ म्हणतो, तिकडे जमीन ज्या ज्या काउंटीत असेल त्या प्रत्येक काउंटीत नोटीस नोंदवतात, आपल्याकडे तसं का केलं नाही?

भावाने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. टेक्सासच्या मालमत्ता कायद्यात जमिनीचा काही भाग ज्या काउंटीत येतो तिथल्या काउंटी क्लार्ककडे नोटीस दाखल करण्याची सोय आहे, आणि जमीन दोन काउंटींत असेल तर दोन्हीकडे. आपली पद्धत वेगळी आहे. ती नीट चालली तर एकाच नोंदणीत काम होतं. नीट चालली नाही तर आज तुमच्यावर आली आहे तशी वेळ येते.

आधी मूळ कायदा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चं कलम ५२ सांगतं की स्थावर मिळकतीवरचा हक्क ज्यात थेट आणि नेमकेपणाने वादात आहे असा दावा चालू असताना कोणत्याही पक्षकाराने ती मिळकत दुसऱ्याला दिली, तरी त्यामुळे समोरच्या पक्षकाराच्या हुकूमनाम्यातल्या हक्काला धक्का लागत नाही. खरेदीखत रद्द होत नाही, पण ते निकालाच्या अधीन राहतं. देशात बहुतेक ठिकाणी दावा दाखल झाला त्या दिवसापासूनच हे लागू होतं, त्यासाठी काहीही नोंदवावं लागत नाही. महाराष्ट्र आणि गुजरात इथे मात्र वेगळं आहे. मुंबई प्रांताने १९३९ च्या कायदा क्रमांक १४ ने या कलमात दुरुस्ती केली आणि म्हटलं की दाव्याची नोटीस नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १८ खाली नोंदवली, तरच आणि त्या नोंदणीनंतरच हे बंधन लागेल. आधी ती मुंबई शहरापुरती होती, १९५९ च्या कायद्याने ती राज्यभर एकसारखी झाली. १९६० मध्ये राज्य वेगळं झालं तेव्हा गुजरातनेही तीच पुढे चालवली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० च्या एका निकालात ही पद्धत देशभर आणण्याचा विचार करावा असं विधी आयोग आणि संसदेला सुचवलं होतं, कारण दाव्याची कल्पनाच नसलेला प्रामाणिक खरेदीदार त्यात भरडला जातो. मला ही दुरुस्ती मनापासून पटते. जमीन घेणाऱ्याने प्रत्येक न्यायालयात जाऊन दावे शोधत बसावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. पण तिचा एक परिणाम असा की महाराष्ट्रात दावा लावून घरी बसलेल्या वादीला कलम ५२ चा आधार मिळत नाही. तुमच्या वकिलांनी ती चूक केली नाही, याचं समाधान माना.

आता सरहद्दीकडे येऊ. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १७ असं की मिळकत वेगवेगळ्या न्यायालयांच्या हद्दींत असेल, तर तिचा कोणताही भाग ज्या न्यायालयाच्या हद्दीत आहे तिथे सगळ्या मिळकतीचा दावा लावता येतो. फक्त संपूर्ण दाव्याची रक्कम त्या न्यायालयाच्या अधिकारात बसली पाहिजे. म्हणून शिरूरच्या न्यायालयात श्रीगोंद्याच्या गटाचं वाटप मागणं अगदी बरोबर आहे. नोंदणी अधिनियमाचं कलम २८ ही तसंच, मिळकतीचा काही भाग ज्याच्या हद्दीत आहे अशा दुय्यम निबंधकाकडे दस्त देता येतो. तेव्हा शिरूरला नोंदवलेली नोटीसही वैध आहे.

पण नोंदणी झाल्यावर तो कागद पुढे जावा लागतो. मिळकत त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत असेल, तर कलम ६४ प्रमाणे पहिल्या कार्यालयाने दस्ताचं ज्ञापन, म्हणजे थोडक्यात टिपण, तयार करून तिकडे पाठवायचं आणि तिकडच्याने ते आपल्या पुस्तक क्रमांक १ मध्ये (स्थावर मिळकतीच्या दस्तांच्या नोंदवहीत) लावायचं. जिल्हाच दुसरा असेल, तर कलम ६५ लागतं. त्यात दस्ताची नक्कल, पृष्ठांकन, प्रमाणपत्र आणि नकाशा असल्यास त्याची प्रत त्या जिल्ह्याच्या निबंधकाकडे जाते. तो ती आपल्या पुस्तकात लावतो आणि आपल्या हाताखालच्या संबंधित दुय्यम निबंधकाकडे ज्ञापन पाठवतो. म्हणजे शिरूरहून श्रीगोंद्याला मोटारसायकलवर तासाभरात पोहोचता येत असलं, तरी कायद्याच्या वाटेने कागद आधी जिल्ह्याला जातो आणि मग तालुक्याला येतो. हा प्रवास सरकारी हातांवर अवलंबून आहे. पक्षकाराला वाटतं आपण नोंदवलं, काम झालं. माझ्या जवळपास तीस वर्षांच्या वकिलीत हे ज्ञापन वेळेवर पोहोचल्याची जितकी उदाहरणं आहेत, तितकीच ते कुठल्यातरी कपाटात पडून राहिल्याची आहेत. एका प्रकरणात ते शोधण्यासाठी आम्ही दोन जिल्ह्यांतल्या तीन कार्यालयांत अर्ज दिले होते, आणि तोवर जमीन दुसऱ्यांदा विकली गेली होती. ती बाई आजही मला भेटली की आधी त्या जमिनीबद्दल विचारते.

मग न पोहोचलेल्या ज्ञापनाचा तोटा कुणाला? हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे. खरेदीदाराचे वकील बहुधा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ३ मधलं पहिलं स्पष्टीकरण पुढे करतील. नोंदवलेल्या दस्ताची माहिती सगळ्यांना आहे असं केव्हापासून मानायचं, ते त्यात सांगितलं आहे. मिळकत सगळी एकाच दुय्यम निबंधकाच्या हद्दीत नसेल, तर विकत घेतलेल्या मिळकतीचा भाग ज्याच्या हद्दीत आहे त्याने ज्ञापन लावल्याच्या तारखेपासून. शिवाय दस्ताचा तपशील सूचीत अचूक नोंदलेला असावा अशीही अट आहे. हे ऐकलं की वादीचे हातपाय गळतात.

माझं मत असं की तुमची बाजू तरीही भक्कम आहे. ते स्पष्टीकरण ज्या व्यवहारांची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, त्यांच्याबद्दल बोलतं. लिस पेंडन्सची नोटीस कलम १८ खाली, म्हणजे ऐच्छिक नोंदणीच्या दस्तांत येते. मुंबई दुरुस्तीचे शब्द सरळ आहेत, नोटीस नोंदवल्यानंतर मिळकत हस्तांतरित करता येणार नाही; त्यात ज्ञापन लावण्याची अट नाही. तुमची नोंदणी एप्रिलची, खरेदीखत जूनचं. शिवाय नोंदणी अधिनियमाचं कलम ८७ म्हणतं की नोंदणी अधिकाऱ्याने सद्भावाने केलेलं काम केवळ कार्यपद्धतीतल्या दोषामुळे अवैध ठरत नाही. ज्ञापन पाठवायचं कर्तव्य अधिकाऱ्याचं होतं, तुमच्या आईचं नव्हे. तरीही, समोरच्याला हा मुद्दा मांडायला जागा राहिली एवढं मात्र खरं. माझ्या पक्षकारांसाठी ती जागा मी कधीच ठेवत नाही. गट दोन कार्यालयांच्या हद्दींत असले की दोन नोटिसा लिहितो, दोन्हीकडे स्वतंत्र नोंदवतो, आणि दोन्हींत सगळ्या गटांचं वर्णन देतो. दुप्पट धावपळ होते, थोडा जास्त खर्च येतो. पण पुढची काही वर्षं पक्षकार शांत झोपतो.

आता नोटिशीच्या मजकुराकडे या, कारण सरहद्दीपेक्षाही जास्त नोटिसा तिथे फसतात. कायद्याला पाच गोष्टी हव्यात: मालकाचं किंवा ज्याचा हक्क वादात आहे त्याचं नाव-पत्ता, मिळकतीचं वर्णन, न्यायालय, दाव्याचं स्वरूप आणि शीर्षक, आणि दावा दाखल झाल्याची तारीख. बाकीच्या चार गोष्टी कुणीही लिहितो. वर्णनात मात्र घोळ होतो. एकत्रीकरण योजनेत जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. तुमच्या आजोबांच्या खरेदीखतात सर्व्हे नंबर असेल, दाव्यात कुणी तोच उतरवला असेल, आणि खरेदीदार शोध घेतो तो गट नंबराने. नोंद सूचीत असूनही त्याला दिसत नाही. म्हणून नेहमी गट नंबर, आणि कंसात जुना सर्व्हे आणि हिस्सा नंबर, क्षेत्र, आकार (शेतसारा), चतुःसीमा, गाव, तालुका, जिल्हा असं पूर्ण लिहावं. एकाच नावाची गावं शेजारच्या तालुक्यांत असतात, हे विसरू नका. आणखी एक, जिल्हे बदलतात. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. नंदुरबार, वाशिम, हिंगोली, गोंदिया ही १९९८-९९ मधली. जुना दावा अजून चालू असेल तर त्याची नोटीस जुन्या जिल्ह्याच्या नावाने सापडू शकते. अशा भागात जमीन घेणाऱ्याने दोन्ही नावांनी शोध घ्यावा, आणि चालू दाव्याच्या वादीने आपली नोंद आजच्या नावाने दिसते का ते पाहावं.

तुमच्या एप्रिलच्या नोटिशीची प्रमाणित प्रत काढून याच नजरेने वाचा. श्रीगोंद्याचा गट नंबर ७/१२ शी अक्षरशः जुळतो का? जुळत असेल तर अर्धं काम झालं. मग शिरूरच्या कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा की कलम ६५ प्रमाणे नक्कल कधी आणि कोणत्या जावक क्रमांकाने पाठवली. उत्तर काहीही आलं तरी उपयोगाचंच आहे. पाठवली असेल तर श्रीगोंद्यात ती शोधायला दिशा मिळते. नसेल तर अधिकाऱ्याची चूक तुमच्या हातात लेखी येते.

हे चालू असतानाच, उत्तराची वाट न पाहता, श्रीगोंद्यात स्वतंत्र नोटीस नोंदवा. जूनच्या खरेदीखतावर तिचा मागे जाऊन परिणाम होणार नाही. पण खरेदीदार उद्या ती जमीन आणखी कुणाला विकेल, तिच्यावर बँकेचं कर्ज काढेल, कुणाला साठेखत करून देईल. त्या प्रत्येकाला ती आडवी येईल. कायदा हस्तांतराबरोबर मिळकतीसंबंधी इतर कोणत्याही व्यवहारालाही अडवतो. नोटीस आईला स्वतः हजर राहून द्यावी लागेल. तिला जमत नसेल तर रीतसर कुलमुखत्यारपत्र लागेल, आणि ते नोंदणी अधिनियमाप्रमाणे प्रमाणित केलेलं असावं. घरगुती अधिकारपत्र चालत नाही. दाव्याचा नंबर पडलेली प्रत बरोबर न्या.

खरेदीदाराला दाव्यात प्रतिवादी करून घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम १० खाली तसा अर्ज करता येतो. नोटीस वेळेत असेल तर त्याला सामील न करताही हुकूमनामा त्याच्यावर बंधनकारक होतो, आणि दरखास्तीच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या, वेळी आदेश २१ नियम १०२ त्याला अडथळा करू देत नाही. पण तुमच्या बाबतीत ज्ञापनाचा वाद आहे, म्हणून त्याला समोर आणलेलंच बरं. खरेदीखताची तारीख, किंमत, मामांनी काय सांगून विकलं, सगळं साक्षीत येऊ द्या.

निशाणी ५ चा अर्ज केला आहे का, ते तुमच्या प्रश्नात नाही. तात्पुरत्या मनाईचा हा अर्ज आणि लिस पेंडन्स एकच समजण्याची गल्लत सुशिक्षित लोकही करतात. नोटीस नोंदवली तरी दुय्यम निबंधक खरेदीखत नोंदवायला नकार देत नाही. मालकी कुणाची हे ठरवणं त्याचं काम नाही. 'नोटीस असताना नोंदवलंच कसं?' म्हणून त्या कार्यालयात भांडायला जाऊ नका. मामांचा हात धरायचा असेल तर न्यायालयाचा मनाई हुकूम लागतो. तो मोडला तर आदेश ३९ नियम २-अ खाली मिळकतीची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. शिरूरचे दोन गट अजून शिल्लक आहेत. त्यांच्यासाठी हा अर्ज या आठवड्यात करा.

फेरफाराचंही विसरू नका. श्रीगोंद्याचा गट खरेदीदाराच्या नावे लावण्याची नोंद तलाठ्याकडे आली असेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० खाली हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीला १५ दिवस असतात. लेखी हरकत द्या, दाव्याची आणि नोटिशीची प्रत जोडा, पोच घ्या. मंडळ अधिकाऱ्यांसमोर सुनावणी लागली तर जा. ७/१२ ने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, पण पीककर्ज, अनुदान, पुढची विक्री सगळं त्याच कागदावर चालतं, म्हणून तिथे शांत बसू नये.

आता थोडा धीर. समजा न्यायालयाने तुमची नोटीस श्रीगोंद्यापुरती निरुपयोगी ठरवली. तरीही मामांकडे जेवढं होतं त्याहून जास्त ते विकू शकत नाहीत. मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे आणि त्यासाठी हिंदू वारसा कायद्याची २००५ ची दुरुस्ती लागू झाली तेव्हा वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. जमीन वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची असेल आणि २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने वाटप झालेलं नसेल, तर आईचा हिस्सा आईचाच आहे. खरेदीदार मामांच्या जागी येऊन उभा राहतो, एवढंच. वाटपाच्या दाव्यात न्यायालय बहुधा विकलेला गट विकणाऱ्याच्या हिश्शात घालून इतरांना बाकीच्यातून भरपाई करतं. तुमच्याकडे अडचण अशी की विकलेला गटच सगळ्यांत मोठा आहे. तो मामांच्या हिश्शाहून जास्त निघाला, तर जास्तीचं परत काढावं लागेल. म्हणून तिन्ही गटांचं क्षेत्र, पाण्याची सोय आणि बाजारभाव यांचा पुरावा आतापासून जमवा. मामांनी 'मी कर्ता होतो, घरच्या गरजेसाठी विकलं' असा बचाव घेतला, तर लक्षात ठेवा: वाटपाचा दावा दाखल झाला तेव्हाच कुटुंबाचा एकत्रपणा तुटला आहे.

तुमच्या धाकट्या मामांनी सुचवलं म्हणून तुम्ही स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देणार आहात. द्या, खरेदीदाराच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न निघाला की तिचा उपयोग होतो. पण कलम ५२ साठी ती चालत नाही. नोंदणीऐवजी जाहीर नोटीस देऊन पैसे वाचवलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या जमिनी गेल्या.

वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. नुसत्या पैशांच्या वसुलीच्या दाव्यात लिस पेंडन्स नोंदवू नका. तिथे मिळकतीवरचा हक्क थेट वादात नसतो, आणि अशा नोटिशीने एखाद्या निरपराध माणसाची जमीन वर्षानुवर्षं अडकते. ज्याची जमीन अशी अडकली आहे, त्याला कलम ५२ मध्येच न्यायालयाची परवानगी आणि अटी घेऊन व्यवहार करण्याची वाट आहे. दुसरं, ज्यांची जमीन सिंधुदुर्गात आणि गोव्यातही आहे त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं की गोव्यात मूळ केंद्रीय कलम ५२ चालतं, नोटीस नोंदवल्याशिवायही. सावंतवाडीतल्या गटासाठी मात्र नोंदणी लागेल. एकच दावा, आणि सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना नियम वेगळे.

दावा जिंकलात तरी नोटीस लगेच मागे घेऊ नका. कायद्यातलं स्पष्टीकरण म्हणतं की हुकूमनाम्याची पूर्ण अंमलबजावणी होईपर्यंत दावा चालूच समजायचा. अपिलंही त्यातच आली. शेतजमिनीचं वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होतं, आणि तुमच्या बाबतीत जिल्हे दोन आहेत, म्हणजे कागद पुण्यालाही जाणार आणि अहिल्यानगरलाही. मोजणी होऊन, ताबा मिळून, दोन्ही तालुक्यांतल्या ७/१२ वर आईचं नाव लागेपर्यंत नोटीस राहू द्या.

उद्या सकाळी आईचं आधार कार्ड, दाव्याची प्रत आणि श्रीगोंद्याच्या गटाचा ताजा ७/१२ घेऊन निघा. शिरूरला प्रमाणित प्रतीचा अर्ज द्या आणि तिथूनच पुढे श्रीगोंद्याला जा.